दहा शिलिंगांचा सिंह

१८ डिसेंबर १९६१ या तारखेच्या अंकात अमेरिकेतील 'बिलबोर्ड' या नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत एक गाणे पहिल्या क्रमांकावर चढले आणि तीन आठवडे तेथेच राहिले. 'द लायन स्लीप्स टुनाइट' हे त्याचे नाव. ब्रुकलिनमधील 'द टोकन्स' या तरुणांच्या मंडळीने ते गायिले होते आणि 'आरसीए व्हिक्टर' या बड्या कंपनीने त्याची तबकडी काढली होती. कंपनीला स्वतःलाही त्याच्याकडून फारशी अपेक्षा नव्हती. तबकडीच्या दुय्यम बाजूवर ते घातलेले होते. सिंह निजला आहे, निर्धास्त असा, एवढाच त्या गाण्याचा आशय. साठ वर्षे उलटून गेली, तरी ती चाल जगाच्या कानातून गेलेली नाही. १९९४ साली डिस्ने कंपनीच्या 'द लायन किंग' या चित्रपटाने ती मुलांच्या आणखी एका पिढीच्या ओठांवर नेली. मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांतील मुलांनाही ती ठाऊक आहे.

त्याच डिसेंबरातील आणखी दोन तारखा शेजारी ठेवल्या पाहिजेत. १० डिसेंबरला दक्षिण आफ्रिकेतील झुलू पुढारी आल्बर्ट लुथुली यांनी ऑस्लो येथे शांततेचे नोबेल पारितोषिक स्वीकारले. १६ डिसेंबरला जोहान्सबर्ग, पोर्ट एलिझाबेथ आणि डर्बन या शहरांत सरकारी मालमत्तेवर स्फोट झाले आणि 'उमखोंतो वे सिझ्वे' या संघटनेने सशस्त्र लढ्याचा आरंभ जाहीर केला. शार्पव्हिलच्या हत्याकांडाला, जेथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे मेली, तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. म्हणजे ज्या देशातून हा सिंह अमेरिकेत आला होता, त्या देशातील सिंह त्या आठवड्यात मुळीच झोपलेला नव्हता. आणि ज्या गायकाच्या गळ्यातून ती चाल प्रथम निघाली, तो सोवेटोतील एका दरिद्री घरात मूत्रपिंडाच्या विकाराने खंगत होता. त्याच्या आयुष्याचे दहा महिने उरले होते.

त्याचे नाव सॉलोमन लिंडा. या लेखाचा विषय तो आहे. परंतु केवळ तोच नाही. एका गरीब कलावंताला लुबाडले गेले, ही हळहळण्याची गोष्ट म्हणून सांगायची तर ती अनेकदा सांगून झाली आहे. आमच्या दृष्टीने तिच्यातील अस्वस्थ करणारा भाग वेगळा आहे. लिंडाचे गाणे त्याच्यापासून तोडणाऱ्यांत नफेखोर जसे होते, तसे त्याचे मित्रही होते. आणि मित्रांनी ते ज्या कल्पनेच्या आधारे तोडले, ती कल्पना आपल्याही चळवळीला प्रिय आहे.

वसतिगृहातील गाणे

लिंडाचा जन्म १९०९ चा, नाताळ प्रांतातील. तो चार वर्षांचा असताना, १९१३ साली, दक्षिण आफ्रिकेत जमिनीचा कायदा झाला आणि बहुसंख्य काळ्या जनतेसाठी देशातील जेमतेम सात टक्के भूमी राखून ठेवण्यात आली. उरलेल्या भूमीवर तिला विकत घेण्याचा अधिकार राहिला नाही. घरटी कर मात्र रोकडीने भरावा लागे. जमीन नाही आणि कर आहे, अशी कोंडी केली की माणूस आपल्या पायांनी खाणीकडे आणि कारखान्याकडे चालत येतो. त्याला बेड्या घालाव्या लागत नाहीत. लिंडाही १९३१ साली असाच जोहान्सबर्गला आला. त्याने लाकूडसामानाच्या दुकानात काम केले, हॉटेलात काम केले आणि पुढे 'गालो' या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या कारखान्यात तबकड्या बांधण्याचे काम केले. ज्या कंपनीच्या तबकडीवर त्याचा आवाज होता, तिचा तो हमाल होता.

खेड्यातून आलेले हे झुलू कामगार वसतिगृहांत राहत. बायकामुले गावी, शहरात वावरायचे तर खिशात परवाना. शनिवारच्या रात्री या वसतिगृहांत गायनाच्या चढाओढी होत आणि त्या पहाटेपर्यंत चालत. वाद्ये नाहीत, पुरुषांचे आवाज एकावर एक रचलेले आणि पावले अलगद टाकलेली. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांच्या खोल्यांतील भजने ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. लिंडाच्या मंडळीचे नाव 'इव्हिनिंग बर्ड्स'. ती पट्ट्यापट्ट्यांचे सूट आणि टोप्या घालून गात असे. दिवसभर ज्यांना 'बॉय' म्हणून हाक मारली जाई, ती माणसे रात्री असा रुबाबदार पोशाख करीत, यात दिमाखापेक्षा स्वाभिमान अधिक होता.

१९३९ साली गालोच्या स्टुडिओत या मंडळीने 'एम्बुबे' हे गाणे मुद्रित केले. झुलू भाषेत या शब्दाचा अर्थ सिंह. बालपणी गुरे राखताना सिंहांना हुसकावल्याच्या आठवणीतून ते गाणे आले, असे सांगितले जाते. शब्द अगदी थोडे; खाली समूहाच्या दमदार आवाजाची आवर्तने आणि वर लिंडाचा उंच, मोकळा स्वर. मुद्रणाच्या अखेरच्या खेपेत त्याने एक तान उत्स्फूर्तपणे घेतली. पुढे जगभर ज्या सुरावटीवर इंग्रजी शब्द चढले, ती हीच. पुढील दहा वर्षांत या तबकडीच्या सुमारे एक लाख प्रती आफ्रिकेत खपल्या आणि गायनाच्या त्या साऱ्या धाटणीलाच 'एम्बुबे' हे नाव पडले. 'लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो' ही पुढे जगप्रसिद्ध झालेली मंडळी याच परंपरेतील.

लिंडाला या गाण्याच्या हक्कांपोटी मिळाले दहा शिलिंग; म्हणजे अर्धा पौंड.

मित्रांच्या हातून

१९४९ च्या सुमारास ही तबकडी लोकसंगीताचे अभ्यासक ॲलन लोमॅक्स यांच्यामार्फत न्यूयॉर्कमध्ये पीट सीगर यांच्या हाती पडली. सीगर कोण होते, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. कामगार संघटनांच्या सभांतून, निग्रोंच्या नागरी हक्कांच्या आंदोलनातून आणि पुढे व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात आयुष्यभर गात राहिलेला हा माणूस. लिंडाच्या गाण्याने ते भारावून गेले. सिंहाला उद्देशून असलेले झुलू पद त्यांना 'विमोवे' असे ऐकू आले आणि त्याच नावाने त्यांच्या 'द वीव्हर्स' या मंडळीने ते बसविले. १९५२ च्या आरंभी 'डेक्का' कंपनीने काढलेली ही तबकडी खपू लागली, आणि त्याच वर्षी मंडळीतील गायक कम्युनिस्ट असल्याची साक्ष अमेरिकी काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे झाली. मंडळी काळ्या यादीत गेली. कार्यक्रम बंद पडले. स्वतः सीगर १९५५ साली त्या समितीपुढे उभे राहिले आणि त्यांनी उत्तरे देण्याचे नाकारले. ही माणसे ढोंगी नव्हती. आपल्या मतांची किंमत त्यांनी मोजली होती.

तरीही 'विमोवे'च्या तबकडीवर रचनाकार म्हणून नाव छापले गेले ते 'पॉल कॅम्पबेल' यांचे. या नावाचा मनुष्य जगात नव्हता. पारंपरिक म्हणून समजल्या जाणाऱ्या गाण्यांवर वीव्हर्स मंडळीने संस्कार केले की त्यांचे मानधन वसूल करण्यासाठी हे टोपणनाव वापरण्यात येई. हे गाणे आफ्रिकी लोकांचे, परंपरेतून आलेले, अशी सीगर यांची प्रारंभी समजूत होती. खरी गोष्ट कळल्यावर त्यांनी लिंडाला एक हजार डॉलर पाठविले आणि यापुढचे मानधन त्यालाच द्यावे असे आपण प्रकाशकाला सांगितल्याचे ते पुढे सांगत राहिले. मात्र ते पोहोचते की नाही, याचा पाठपुरावा त्यांनी केला नाही. आणि याची खंत त्यांनी उतारवयात बोलून दाखविली.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. 'लोकांचे गाणे' ही कल्पना आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की तिच्या पोटातील धोका जाणवत नाही. लोक म्हणजे कोण? युरोपातील किंवा अमेरिकेतील गाण्याला रचनाकार असतो. त्याचे नाव, त्याचा पत्ता, त्याचा वकील असतो. आफ्रिकेतील गाणे मात्र 'लोकांचे', जणू ते रानातील झाडासारखे आपोआप उगवले. वास्तविक एका विशिष्ट साली, एका विशिष्ट शहरात, नाव असलेल्या एका कामगाराने ते रचले होते. त्याचे नाव तबकडीच्या चकतीवर छापलेलेही होते. परंतु काळ्या माणसाकडे परंपरा असते, प्रतिभा नसते, हा समज इतका खोल रुजलेला होता की तो वर्णद्वेषाशी लढणाऱ्यांच्याही मनातून पुसला गेला नव्हता. गौरवाच्या रूपाने आलेला हा तुच्छताभाव ओळखणे कठीण असते.

आपल्या खेड्यांतील उदाहरण घेऊ. गायरान सर्व गावाचे असते, म्हणून त्याच्या सातबाऱ्यावर कोणा एकाचे नाव नसते. व्यवहार चोख असेतोवर त्यावर सर्वांची गुरे चरतात. पण एखादा चतुर माणूस तलाठ्याला हाताशी धरून स्वतःचे नाव चढवितो, आणि दुसऱ्या दिवशी कुंपण पडते. जे सर्वांचे म्हणून कोणाचेच नव्हते, ते आता एकाचे झाले. बाजारात 'सर्वांचे' या शब्दाचा अर्थ 'प्रथम नोंदणी करील त्याचे' असा होतो. लिंडाच्या गाण्याचे हेच झाले. समाजवादी गायकाने ते गायरान समजून त्यावर पाय ठेवला आणि त्याच्या मागोमाग प्रकाशकाने कुंपण घातले.

पुढचे सारे क्रमप्राप्त होते. १९६१ मध्ये टोकन्स मंडळीने हे गाणे सुचविले तेव्हा ह्यूगो पेरेटी आणि लुइगी क्रिएटोर या निर्मात्यांनी जॉर्ज डेव्हिड वाइस यांच्याकडून त्यावर इंग्रजी शब्द लिहवून घेतले. याच आरसीए व्हिक्टर कंपनीने आदल्याच वर्षी मिरियम मकेबा यांच्या आवाजातील 'एम्बुबे' आपल्या संग्रहात काढले होते. म्हणजे गाणे आफ्रिकेतील आहे हे घरातच ठाऊक होते. तरी नव्या तबकडीवर लिंडाचे नाव नव्हते. पुढे गाण्याचा खरा मालक कोण, यावरून प्रकाशक आणि इंग्रजी गीतकार यांच्यात भांडण झाले. दोन्ही पक्षांनी आपापले दावे हिरिरीने मांडले. वादाचा विषय होता सोवेटोतील एका मृत कामगाराची चाल.

अर्थाचेही असेच झाले. सीगर हे गाणे झुलूंचा राजा शाका याच्याशी जोडीत. शाका मेलेला नाही, तो झोपला आहे आणि एक दिवस उठेल, अशी दंतकथा ते सांगत. या अर्थाला लिंडाचा आधार होता की नाही हा भाग वेगळा. पण त्या झोपेत निदान जागृतीची शक्यता होती. १९६१ च्या गाण्यात सिंह नुसताच झोपतो आणि गाव निश्चिंत होते. सिंह घनदाट अरण्यात राहत नाही, गवताळ माळावर राहतो, हेसुद्धा कोणाच्या ध्यानी आले नाही. आफ्रिका म्हणजे अरण्य, एवढे ज्ञान त्या बाजाराला पुरेसे होते.

कायदेशीर लूट

लिंडा ८ ऑक्टोबर १९६२ रोजी वारला. त्याची विधवा इतकी निष्कांचन होती की कबरीवर शिळा बसविण्यास तिला जवळजवळ अठरा वर्षे लागली. तिकडे गाणे नव्या नव्या गळ्यांतून जगभर फिरतच होते. १९७२ साली अमेरिकेत रॉबर्ट जॉन यांच्या आवाजात ते पुन्हा यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेले. १९८२ साली 'टाइट फिट' या मंडळीने ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेले. मग 'द लायन किंग' आला. चित्रपटामागून १९९७ साली रंगभूमीवरील संगीतिका आली. दक्षिण आफ्रिकेचे पत्रकार रियान मलान यांनी मे २००० मध्ये 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकात या साऱ्या व्यवहाराचा शोध घेणारा दीर्घ लेख लिहिला. 'द लायन किंग'मधील वापरानेच या गाण्याने दीड कोटी डॉलरची कमाई केली असावी, असा त्यांचा अंदाज होता. पुढच्याच वर्षी लिंडाची एक मुलगी एड्सने वारली. त्या काळी औषधे होती. पण ती विकत घेण्याची ऐपत सोवेटोतील सामान्य कुटुंबाला नव्हती.

एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. यात चोरी म्हणावी असे फारच थोडे घडले. गालो कंपनीने दहा शिलिंग दिले आणि सही घेतली. लिंडाच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीकडून आणि पुढे मुलींकडूनही कागदांवर सह्या घेण्यात आल्या. डिस्नेने गाण्याच्या वापराची परवानगी ज्याच्याकडून घ्यावयाची त्याच्याकडून रीतसर घेतली होती. कागद सारे जागच्या जागी होते. आणि हेच खरे दुखणे आहे. चोरी झाली असती तर चोर धरता आला असता. येथे जे झाले ते करार-स्वातंत्र्याच्या पवित्र तत्त्वानुसार झाले.

हे स्वातंत्र्य कसले? एका बाजूला कंपनी, जिच्याकडे यंत्रे, वितरण आणि वकील आहेत. दुसऱ्या बाजूला मताचा अधिकार नसलेला, परवान्यावाचून शहरात राहू न शकणारा माणूस. १९२४ च्या औद्योगिक कायद्याने परवाना बाळगणाऱ्या आफ्रिकी मजुराला 'कर्मचारी' या व्याख्येतूनच वगळलेले होते. त्याच्या संघटनेला कायद्याच्या दृष्टीने अस्तित्व नव्हते. असा माणूस ज्या मालकाकडे तबकड्या बांधण्याचे काम करतो, त्याच्याच कागदावर सही करतो आणि आपण त्याला 'दोन पक्षांमधील करार' म्हणतो! कामगार चळवळीला हे नवे नाही. उपाशी माणसाची संमती ही संमती नव्हे, हे शिकण्यासाठीच तर शंभर वर्षांचे लढे झाले. किमान वेतनाहून कमी मजुरीवर कामगाराने राजीखुशीने सही केली तरी ती सही व्यर्थ आहे, असे कायदा आता मानतो. कलावंताच्या सहीला मात्र जगाने दीर्घकाळ वज्रलेप मानले.

मग मार्ग कोठून निघाला? तो निघाला साम्राज्याच्या अडगळीतून. १९११ साली ब्रिटिश पार्लमेंटने स्वामित्वहक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा, साम्राज्यव्यापी कायदा केला आणि १९१६ साली दक्षिण आफ्रिकेने तो स्वीकारला. त्यात एक विसरलेले कलम होते: लेखकाने हयातीत आपले हक्क विकले असले, तरी त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी ते त्याच्या वारसांकडे परत जातील. लेखकांचे वारस दारिद्र्यात पडू नयेत, हा हेतू. म्हणून चार्ल्स डिकन्स यांच्या नावानेही हे कलम ओळखले जाते. दक्षिण आफ्रिकेतील कायदेपंडित ओवेन डीन यांनी हे कलम शोधून काढले. लिंडा १९६२ साली वारला. म्हणजे १९८७ साली, ब्रिटनच्या जुन्या साम्राज्यातील देशांपुरते तरी, गाणे त्याच्या कुटुंबाकडे परत आले होते, आणि ही गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती. २००४ साली डिस्नेविरुद्ध दावा दाखल झाला, दक्षिण आफ्रिकेतील त्या कंपनीच्या बोधचिन्हांवर जप्तीचा आदेश मिळविण्यात आला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये तडजोड झाली. लिंडा सहरचनाकार असल्याचे मान्य करण्यात आले. १९८७ पासूनचे मानधन आणि पुढील हिस्सा कुटुंबाच्या विश्वस्त निधीत जमा करण्याचे ठरले. रक्कम गुप्त ठेवण्यात आली.

हा विजय होता. पण तो किती अपुरा होता हेही पाहिले पाहिजे. १९६१ ते १९८७ या सव्वीस वर्षांचा हिशेब झालाच नाही. दक्षिण आफ्रिकेच्या कायद्यात रचनाकाराच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे हक्क टिकतो; म्हणजे तेथे तो २०१२ अखेर संपला. लिंडाचे कुटुंब आपल्याच गाण्याचे मालक असल्याचे जगाने मान्य केले आणि त्यानंतर स्वदेशात त्या मालकीची सहा-सात वर्षेच उरली.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप घेतले जातात. ते दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की, पैसा मिळाला तो इंग्रजी शब्दांमुळे, नव्या वाद्यमेळामुळे आणि अमेरिकन बाजारामुळे. वाइस आणि टोकन्स नसते तर लिंडाचे गाणे जोहान्सबर्गच्या वसतिगृहांतच राहिले असते. या म्हणण्यात तथ्य आहे. इंग्रजी गीतकाराने श्रम केले. त्याचा वाटा कोणी नाकारलेला नाही. पण कापूस गिरणीत गेल्यावाचून त्याचे कापड होत नाही, म्हणून कापूस पिकविणाऱ्याला काहीच देऊ नये, असे कोणता शेतकरी मान्य करील? प्रश्न सारे कोणाला द्यावे हा नव्हता. काहीच न देणे न्याय्य कसे, हा होता.

दुसरा आक्षेप आपल्याच घरातून येतो. स्वामित्वहक्क ही खासगी मालमत्तेची संस्था आहे. गाणी, कथा, ज्ञान ही समाजाची संपत्ती असावी. मग समाजवाद्यांनी या हक्काची तरफदारी का करावी? हा आक्षेप आम्हाला मनापासून पटतो, आणि म्हणूनच त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. गाणे सर्वांनी गावे. वसतिगृहात, शाळेत, मोर्चात ते गाण्यासाठी कोणाला दमडी द्यावी लागू नये. परंतु ज्या क्षणी कोणी त्या गाण्याचा व्यापार मांडतो, त्या क्षणी ते गायरान राहत नाही. मालमत्तेची संस्था दुर्बळापुरती रद्द करावयाची आणि सबळापुरती शिल्लक ठेवावयाची, याला समाजवाद म्हणत नाहीत. लिंडाने आपले गाणे मानवजातीला अर्पण केले नव्हते. त्याच्याकडून ते घेऊन काही थोड्यांना अर्पण करण्यात आले. सामाजिक मालकीची भाषा बोलावयाची तर ती डिस्नेपासून सुरू व्हावी, सोवेटोपासून नव्हे.

आपला सातबारा

हा प्रश्न परदेशचा म्हणून सोडून देता येणार नाही. ज्या १९११ च्या कायद्याने लिंडाच्या मुलींना हात दिला, तोच कायदा काही फेरफारांसह १९१४ साली हिंदुस्थानातही लागू झाला होता. स्वतंत्र भारताने १९५७ साली स्वतःचा कायदा केला. त्यात नवे पुष्कळ आले. वारसांकडे हक्क परत आणणारे ते जुने कलम मात्र आले नाही.

टोकन्सचे गाणे अमेरिकेत गाजत होते, त्याच सुमारास मुंबईच्या चित्रपटसृष्टीत मानधनाचाच वाद पेटला होता. गायकांनाही तबकड्यांच्या विक्रीतील हिस्सा मिळाला पाहिजे, अशी भूमिका लता मंगेशकर यांनी घेतली. एकदा मोबदला घेतला की गायकाचा संबंध संपला, असे महंमद रफी यांना वाटत होते. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते आणि काही वर्षे त्यांनी एकत्र गाणी गायिली नाहीत. लोकांनी तो दोन मोठ्या कलावंतांचा रुसवा समजला. वस्तुतः तो श्रमाच्या फळावरील हक्काचा प्रश्न होता.

१९७७ साली तो सर्वोच्च न्यायालयापुढे वेगळ्या रूपाने आला. निर्मात्याने मोबदला देऊन गाणे करवून घेतले, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला मालक निर्माताच, असा निकाल लागला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाला जोडलेल्या स्वतंत्र टिपणात गायकाला आपल्या कायद्यात स्थानच नाही, याकडे संसदेचे लक्ष वेधले. संसदेला जाग येण्यास पस्तीस वर्षे लागली. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटातील गीतकार व संगीतकार यांचा मानधनातील समान वाटा असा केला, की तो त्यांना सही करूनही सोडून देता येत नाही. राज्यसभेत या दुरुस्तीची बाजू जावेद अख्तर यांनी हिरिरीने मांडली. 'सही करूनही सोडता येत नाही' या एका तत्त्वात लिंडाच्या साऱ्या कहाणीचे उत्तर आहे. लिंडाच्या वेळी असे कलम असते तर तो दहा शिलिंगांचा कागद रद्दीत गेला असता.

पण कायदा नाव असलेल्यांसाठी असतो. ज्याचे नाव कोठेच नोंदलेले नाही त्याचे काय? जात्यावर ओव्या रचणाऱ्या बाया, पोवाडे बांधणारे शाहीर, गोंधळी, वासुदेव, तमाशाच्या फडात जन्म घालविलेले ढोलकीवाले आणि लावणी गाणाऱ्या स्त्रिया, यांच्या रचना 'पारंपरिक' या एका शब्दाखाली सरसकट छापल्या जातात. त्यांतील पुष्कळ खरोखरच परंपरेच्या आहेत. त्यांवर एकाचा हक्क नाही आणि नसावा. पण प्रत्येक 'पारंपरिक' गाण्यामागे कोणी नाव असलेला माणूस नाही ना, हे विचारण्याची तसदी किती जण घेतात? वीव्हर्स मंडळीनेही ती घेतली नव्हती, आणि त्या मंडळीची दानत आपल्यापेक्षा कमी नव्हती. आता तर हजारो गायकांचे आवाज ऐकून नवे गाणे तयार करणारी यंत्रे आली आहेत. हे सारे मानवजातीचे संचित आहे, असे त्यांचे मालक सांगतात. संचित सर्वांचे आणि नफा आपला, हा जुनाच न्याय नव्या वेषात आला आहे.

म्हणून तीन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. लोककलावंतांच्या रचना मुद्रित करताना नाव, गाव आणि वर्ष यांची नोंद करणे, ही संग्राहकाची आणि कंपनीची बंधनकारक जबाबदारी असावी. मानधनाचा हक्क कोणत्याही सहीने सोडता येणार नाही, हे तत्त्व चित्रपटापुरते न ठेवता लोककलावंतांपर्यंत प्रत्यक्षात पोहोचावे. आणि ज्या रचना खरोखर सर्वांच्या आहेत, त्यांच्यापासून नफा कमावणाऱ्याने त्या त्या कलावंत समाजासाठी वाटा बाजूला काढावा. या मागण्या क्रांतिकारक नाहीत. किमान वेतनाइतक्याच साध्या आहेत.

चळवळीनेही स्वतःकडे पाहिले पाहिजे. आपल्या सभांतून, शिबिरांतून, कलापथकांतून कितीतरी गाणी आपण 'आपली' म्हणून गातो. ती गावीतच, पण ती कोणी रचली हे सांगून गावीत. सीगर यांनी एक हजार डॉलर पाठविले आणि प्रश्न संपला असे मानले. त्यांची चूक अप्रामाणिकपणाची नव्हती. सद्भावना एकदा व्यक्त केली की व्यवस्था बदलते, असे समजण्याची होती. आपणही ही चूक नित्य करतो. लिंडाला देणगीची गरज नव्हती. त्याला नाव, हिशेब आणि हक्क हवा होता.

ते गाणे आजही कोठेतरी, कोणत्यातरी घरात वाजत असेल. मुलांनी ते आनंदाने ऐकावे. चाल आनंदाचीच आहे. फक्त कोणी तरी मोठ्याने त्यांना सांगावे की हा सिंह अरण्यातून आलेला नाही. तो जोहान्सबर्गच्या कामगार-वसतिगृहातून आला, त्याचे नाव सॉलोमन लिंडा होते, आणि दहा शिलिंगांत तो विकला गेला.